कार्ड बदलण्याआधी कॅबिनेट उघडा

पाऊस सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: कॉम्प्युटर हँग होतो. या खेपेची बरीचशी पत्रं ग्राफिक्स कार्डापाशी येऊन थांबतात, म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. कुडाळच्या दुकानात माझ्या टेबलावर जे रोज उघडं पडलेलं असतं त्यावरूनच उत्तरं देते. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, तेव्हा सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

प्रश्न: ताई, मालवणात दांडीच्या बाजूला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एक्सपोर्ट लावला की थोड्या वेळात स्क्रीन थिजते. माउस हलत नाही, पण गाणं कधी कधी पुढे वाजत राहतं. दोनदा फॉरमॅट मारून झाला, रॅम बदलली, फरक नाही. कार्ड चार जीबीचं आहे, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. पुतण्या म्हणतो, 'कार्ड गेला, नवा घेवक व्हया.' घेऊ का? लग्नाचा हंगाम तोंडावर आहे.

उत्तर: आत्ता लगेच घेऊ नका. आणि तिसऱ्यांदा फॉरमॅटही मारू नका. फॉरमॅट आपल्याकडे अंगाऱ्यासारखा लावतात, दुखणं कुठलंही असो. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत: गाणं वाजत राहतं. म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, विंडोज जिवंत आहे, चित्र काढणारा भाग तेवढा अडकलाय. पुढच्या वेळी थिजलं की लगेच बटण दाबून बंद करू नका. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का बघा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली तर संशय कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि त्याला मिळणारी वीज या तिघांवरच ठेवायचा. दिवाही बदलत नाही, गाणं एकाच सुरावर घरघरत राहिलंय, असं असेल तर अख्खं मशीन अडकलंय. कार्डाने मदरबोर्डवरची माहितीची वाट अडवली की तसंही होतं, पण मग रॅम, मदरबोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, हेसुद्धा यादीत येतात.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, 'सिस्टीम' या भागात जा आणि ४१०१ हा क्रमांक शोधा. विस्टापासून विंडोजमध्ये एक सोय आहे: कार्डाने दिलेलं काम साधारण दोन सेकंदांत हललं नाही तर विंडोज त्याला अडकलेलं समजतं आणि ड्रायव्हर पुन्हा चालू करायला बघतं. जमलं तर ४१०१ ची नोंद पडते. नाही जमलं तर निळी स्क्रीन येते, तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं काहीतरी असतं आणि कोडच्या शेवटी ११६ येतो. नुसती 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली तर तिच्यावर वेळ घालवू नका. ती एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तुम्हाला माहीतच आहे, बटण तुम्हीच दाबलंत.

आता कार्डाकडे वळू. वेगळी केबल न लागणारं कार्ड सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं. त्या स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. त्यातली बारा व्होल्टची बाजू जास्तीत जास्त साडेपाच अँपिअरची, आणि तेवढा करंट मोजक्याच बारीक सोनेरी दातांतून जातो. दांडीच्या वाऱ्यात मीठ असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. खिडकीचे गज बघा. तेच मीठ ओलाव्याबरोबर त्या दातांवर बसतं. सोन्याचा मुलामा पातळ, त्याला जिथे बारीक भोक किंवा चरा असेल तिथून खालचा धातू खायला सुरुवात होते. नुसतं इंटरनेट उघडलं तर करंट कमी, कुणाला काही कळत नाही. एक्सपोर्ट लावला की कार्ड पूर्ण करंट मागतं, खराब झालेल्या जोडावर व्होल्टेज पडतं आणि चिप अडकते. किनाऱ्यालगतच्या गावांतून 'कार्ड गेलं' म्हणून माझ्याकडे जी येतात त्यांत गेलेली कमी आणि माखलेली जास्त असतात.

करायचं असं. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिटी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला, वाकडं ओढू नका. दातांवर पांढरट पावडर, हिरवट डाग किंवा काळपट पट्टे दिसतील. आयसोप्रोपिल अल्कोहोल, नव्व्याण्णव टक्केवालं, तंतू न सुटणाऱ्या फडक्यावर घेऊन पुसा. डाग हट्टी असेल तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने चालेल, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर लावणाऱ्या कारागिराकडे पुन्हा जाऊ नका. तो मुलामा घासून काढतो, मशीन महिनाभर छान चालतं आणि मग कायमचं बिघडतं. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा. पंख्यावर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा झाला असेल तर तो काढा. चार-पाच वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, तीही बदला. मग जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालू ठेवून एक्सपोर्ट लावा आणि तापमान बघा. सत्तर-ऐंशीच्या घरात राहिलं तर ठीक. नव्वदीकडे पळायला लागलं आणि तिथेच थिजलं, तर दुखणं उष्णतेचं.

एवढं करूनही थिजलं तर कार्ड काढूनच ठेवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा. मात्र आधी प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, स्क्रीन काळी राहील आणि तुम्हाला वाटेल मदरबोर्डही गेला. चित्र आलं तर त्याच कामाला आठवडाभर जुंपा. या काळात एकदाही अडकलं नाही, तर कार्ड दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मशीनमध्ये लावून बघा. तिथेही अडकलं तर पुतण्याचं खरं. तिथे छान चाललं तर तुमचा स्लॉट किंवा एसएमपीएस. नवीन कार्ड आणलं असतं तरी तेही त्याच स्लॉटमध्ये अडकलं असतं.

हंगामाचं काम थांबवू नका. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट कार्डाऐवजी प्रोसेसरवर टाका. वेळ कितीतरी जास्त लागेल, रात्री लावून झोपा. किंवा आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आणा. हा इलाज नाही, पण नवरा-नवरीला व्हिडिओ वेळेवर मिळेल.

प्रश्न: देवगड तालुक्यातल्या शाळेत मी संगणक शिकवतो. प्रयोगशाळेतली मशीनं जुनी आहेत. तीन मशीनांवर चालू करतानाच आडव्या रेघा आणि रंगीत चौकोन येतात, पुढे विंडोज येता येता सगळं गोठतं. व्हायरस असेल का?

उत्तर: नाही सर. चालू करताना कंपनीचा लोगो येतो तेव्हा विंडोजचा अजून पत्ताही नसतो. त्या लोगोवरच रेघा असतील तर व्हायरस, फॉरमॅट, ड्रायव्हर सगळं बाजूला ठेवा. आधी मॉनिटर आणि केबल दुसऱ्या मशीनला लावून बघा, कारण जुन्या व्हीजीए केबलची एक पिन वाकली तरी अख्खं चित्र गुलाबी दिसतं. मॉनिटर निर्दोष निघाला तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाऊन मशीन अर्धा तास तसंच ठेवा. तिथेही चौकोन वाढत गेले तर कार्डावरची मेमरी किंवा तिचे सोल्डरचे टाके गेलेत. अशा कार्डावर शाळेचा पैसा घालू नका. ते काढून टाका आणि मदरबोर्डवरचं ग्राफिक्स वापरा. टायपिंग, स्क्रॅच आणि ब्राउझर यांना तेवढं पुरतं.

ते करताना मदरबोर्डवरचे उभे डबे, म्हणजे कपॅसिटर, बघून घ्या. डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी चिकटा असेल तर तो मेला. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डवर लागले होते, तुमची मशीनं त्या काळातली असतील तर नवल नाही. बदलायचे तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशवाले आणि लो-ईएसआर, म्हणजे आतला रोध कमी असलेले. रेडिओ दुरुस्त करणारा जुना माणूस गावात असेल तर तो हे काम आमच्यापेक्षा निगुतीने करतो. ऋण बाजूची पट्टी उलटी लागली तर मात्र फटाका फुटेल, तेव्हा मुलांना वर्गाबाहेर ठेवा.

प्रश्न: सावंतवाडीत बारावीला आहे. यूट्यूबवर बघितलं की बिघडलेलं कार्ड ओव्हनमध्ये भाजलं की परत चालतं. आईचा केकचा ओव्हन आहे. करू?

उत्तर: आईच्या ओव्हनमध्ये अजिबात नाही. गरम झालेल्या फ्लक्सचा आणि प्लॅस्टिकचा धूर त्यात बसेल आणि पुढचे केक तुम्ही खाल.

ते कधी कधी चालतं हे खरं आहे, पण का ते समजून घे. युरोपच्या नियमांमुळे जुलै २००६ पासून बहुतेक मालात शिशाविना सोल्डर आलं. ते साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं. व्हिडिओतले लोक दोनशेच्या आत भाजतात, म्हणजे टाके वितळतच नाहीत. बिघाड बहुधा त्या टाक्यांत नसतोच. चिप आणि तिच्या खालची हिरवी पट्टी यांच्यामध्ये केसाएवढे जोड असतात, ते गरम-गार होऊन तडकतात. भाजल्यावर सगळं प्रसरण पावतं, तडा तात्पुरता टेकतो, कार्ड उठतं आणि काही दिवसांत पुन्हा आडवं होतं. हे मोठ्या कंपन्यांनाही चुकलं नाही: जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांमधल्या अशाच पॅकेजिंगच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. हीटगनवर 'रीबॉलिंग', म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलून, देतो म्हणणारे भेटतील. तडा चिपच्या पोटात असेल तर खालचे गोळे बदलून काय होणार? सहा महिन्यांची गॅरंटी कागदावर लिहून देत असेल तरच पैसे दे.

प्रश्न: चिपळूणला सायबर कॅफे आहे, आता तिथे मुलं गेम खेळतात. ऑनलाइन सेकंडहँड आरएक्स ५८० घेतलं, स्वस्तात. डेस्कटॉपवर ठीक, गेम चालू केला की स्क्रीन काळी, पंखे जोरात, मग रीसेटच करावं लागतं. विकणारा म्हणतो कार्ड टेस्टेड आहे.

उत्तर: १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे कार्डाकडून गणितं करवून ते चलन कमावणं, बंद केलं आणि त्यानंतर अशी कार्डं बाजारात ढिगाने आली. मायनिंग केलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण त्याच्या स्वतःच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच भरलेल्या प्रोग्रॅममध्ये, बऱ्याचदा मेमरीच्या वेळा बदललेल्या असतात. मायनिंगला त्या चालतात, गेममध्ये अडकतात. काही मॉडेलांच्या कडेला छोटी स्विच असते, ती दुसऱ्या बाजूला केली की मूळ बायोस येतो. मशीन बंद करूनच ती हलवा.

पण मला तुमच्या एसएमपीएसचा जास्त संशय येतो. हे कार्ड साधारण १८५ वॅट घेतं. एसएमपीएसवर छापलेले '४५० वॅट' वाचू नका, लेबलवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. तिथे १४ लिहिलं असेल तर गुणाकार करा: १६८ वॅट. त्यात प्रोसेसर, डिस्क, पंखे आणि कार्ड सगळ्यांनी भागवायचं. कार्ड एकटंच त्यापेक्षा जास्त मागतंय! गेम सुरू होताच काळी स्क्रीन येते ती बहुधा इथूनच. आणि आठ पिनची केबल नाही म्हणून साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कला वीज देणाऱ्या, केबलला अ‍ॅडॅप्टर लावला असेल तर आज रात्रीच काढा. साटाचा जोड बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरचा, म्हणजे ५४ वॅटचा. आठ पिनमधून कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. वितळलेले आणि जळलेले ते जोड माझ्या खणात ठेवलेत, विश्वास नसेल त्याला दाखवायला.

चिपळूणचे आहात म्हणून एक विचारते. जुलै २०२१ च्या पुरात बुडालेलं, धुवून वाळवलेलं मशीन तर नाही ना? तसं असेल तर स्लॉटच्या खाचेत टॉर्च मारून बघा. गाळाची बारीक रेघ राहिलेली असते आणि ती दर पावसाळ्यात ओल धरते.

प्रश्न: वेंगुर्ल्याला घरी पीसी एचडीएमआयने टीव्हीला लावला की हँग होतो. एकट्या मॉनिटरवर नाही. केबल लावताना एकदा ठिणगीही दिसली. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात.

उत्तर: मुंग्या येतात म्हणजे तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा आहे ते नावाला. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोघांतून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडी २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. करंट बारीक असतो म्हणून नुसत्या मुंग्या. तुमच्या टीव्हीला डिश किंवा केबलची वायर आहे, ती बाहेर कुठेतरी जमिनीला लागलेली. एचडीएमआय जोडताक्षणी हा फरक त्या केबलमधून, कार्डाच्या पोर्टातून धावतो. ठिणगी तीच. कार्डाचं ते पोर्ट अर्धं भाजलं असण्याची शक्यता आहे, दुसऱ्या पोर्टावर चालतंय का बघा.

वायरमनला बोलावून तीन पिनच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर नको. मग फेज आणि अर्थ: तिथे २३० च्या जवळपास आलंच पाहिजे, नाही आलं तर अर्थची वायर मध्येच तुटलेली आहे. आपल्या जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, मार्चपासून त्यात पाणी घालत जा. तोवर केबल जोडताना दोन्हींचे प्लग भिंतीतून काढलेले हवेत. वैशाखात आणि हस्ताच्या पावसात गडगडायला लागलं की डिशची वायरही काढा. लोक पीसीचा प्लग काढतात आणि वीज डिशच्या वायरीने येते.

थोडक्यात: रत्नागिरीहून विचारलंय, फक्त यूट्यूब बघताना ब्राउझर गोठतो, बाकी सगळं चालतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद करा. गोठणं थांबलं तर ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका, डीडीयू नावाचं साधन सेफ मोडमध्ये चालवून. कार्ड जुनं, जीटी ७१० सारखं असेल, तर त्याच्यासाठी ४७० मालिकेतलाच शेवटचा ड्रायव्हर घ्या, त्यानंतरचे त्याला चालत नाहीत.

प्रश्न: आम्ही चाकरमानी, घर गुहागरला. वर्षातून गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं. वडिलांचा डेस्कटॉप तिथेच असतो. यंदा गणपतीत चालू केला तर पहिले दोन दिवस सारखा हँग, तिसऱ्या दिवशी आपोआप बरा. दुरुस्तीला टाकावा का?

उत्तर: टाकू नका, तो ओला होता. जून ते ऑगस्ट बंद घरात भिंतीलाही बुरशी येते, कार्डाला का येणार नाही? मीठ आणि धूळ ओल शोषतात आणि दोन टाक्यांमध्ये नको तिथे वाट करतात. दोन दिवस चालून आतली उष्णता वाढली, ओल गेली, अडकणं थांबलं. पण ओलं असताना वीज दिली की तांबं भराभर गंजतं, म्हणून पुढच्या वेळी आल्या आल्या बटण दाबू नका. दोन्ही बाजूंचे पत्रे काढून पंख्यासमोर दिवसभर उघडा ठेवा, आरती झाल्यावर लावा. हेअर ड्रायर नको, त्याने जवळचं प्लॅस्टिक वाकतं आणि ओल आणखी आत जाते.

उघडलंय तर आत बघा. पाल कार्डाच्या पाठीवर ऊब शोधत बसते, तिची घाण दोन टाक्यांवर पडली की तिथे शॉर्ट. मुंग्या एसएमपीएसमध्ये अंडी घालतात. आणि कुंभारमाशी मोकळ्या पोर्टात मातीचं घर बांधते, हे मी थट्टेने सांगत नाही. ती माती सुईने उकरू नका, पिना वाकतात. अल्कोहोलचे दोन थेंब टाकून मऊ करा आणि लाकडी टूथपिकने काढा. जाताना मोकळ्या पोर्टांना रबरी टोप्या घाला, मागच्या रिकाम्या पट्ट्यांच्या खाचा चिकटपट्टीने बंद करा आणि कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. शेजारी चावी असते ना? त्यांना पावसात आठवड्यातून एकदा तासभर मशीन चालू करायला सांगा. पासवर्ड द्यायची गरज नाही, लॉगिनच्या स्क्रीनवर पडून राहिलं तरी पुरे.